मागचा बाक

तळ्याकाठच्या उद्यानात नावाड्याने तेहतीस वर्षं होडी चालवली, पण घरच्यांना घेऊन तो तिथे कधी गेला नाही. लोकांची सुट्टी म्हणजे त्याच्या कामाचा दिवस. डबा हातात देताना बायको म्हणायची, "एकदा मलाही न्या हो." तो म्हणायचा, "नेऊ की!" नेऊ नेऊ म्हणता तो निवृत्त झाला आणि तिचे गुडघे कुरकुरू लागले.

शेवटी मुलानेच येत्या रविवारचा बेत काढला. नावाडी एकदम तरतरीत झाला आणि पूर्वीसारखा होडीतल्या जागा ठरवायला कागद घेऊन बसला.

"जड माणूस मध्ये."

"म्हणजे मीच," मुलगा पोटावर हात फिरवत म्हणाला.

नातीने कागद ओढला आणि एकेकाचं नाव लिहीत म्हणाली, "मी नि आई पुढे, बाबा मध्ये, आजी एकटीच मागच्या बाकावर. आणि आजोबा, तुम्ही?"

नावाडी गडबडला. उतारू मोजताना स्वतःला धरायचं नाही, ही जन्माची सवय. "मी आपला वल्ह्यावर."

मटार सोलणारी बायको मान वर न करता म्हणाली, "तेहतीस वर्षं लोकांच्या बायकांना फिरवलंत. आता वल्ही तिथल्या नव्या नावाड्याला मारू द्या, तुम्ही मुकाट्याने माझ्याशेजारी बसा."

सगळे खळखळून हसले. तिने मात्र, एकदाचा योग आला म्हणून, मनातल्या मनात देवाला हात जोडले.

वल्ही मारताना नावाड्याचं तोंड कायम मागच्या बाकाकडे असायचं. किती जोडपी तिथे बसून गेली, सगळी त्याच्या डोळ्यांसमोर आली. त्याने पेन्सिल उचलली आणि आजीच्या शेजारी जपून लिहिलं, 'मी'.