रिकाम्या पाळण्याची ओढ

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता; आजही आहे असं म्हणवत नाही. मी रेल्वेच्या मालधक्क्यावर वजनं घेणारा माणूस. काट्यावर येईल तेवढंच खरं मानतो. तरी महायुद्धाच्या आधी कान्हे गावी आमच्या घरी जे घडलं, ते जसंच्या तसं लिहितो.

घर इंद्रायणीकाठी, भाताचं जुनं खाचर भरून बांधलेलं. विहीर खणताना वीस हात नुसता गाळ लागला, मग खडक. चुलतभाऊ वर माळावर राहायचा... तिथे वीतभर मातीखाली कातळ.

मुलगी तान्ही होती. तुळईला तिचा पाळणा आणि शेजारीच कंदील टांगलेला. दुपारी बायको तिला मांडीवर घेऊन बसली होती. माझी मावशी तांदूळ निवडत होती.

"रिकामा पाळणा कुणी हलवला गं?" मावशीने विचारलं.

"मी इथं बसलेय. माझा हात पोचतो का तिथं?" बायको म्हणाली.

रिकामा पाळणा हलला तर बाळाला वाईट, असं आमच्याकडे मानतात. मावशीने लगेच तोड काढली, "मग पोरीला घाल त्यात. भरला म्हंजी दोष न्हाई."

बायको पोरीला पाळण्यात घालायला उठली. वारा असेल म्हणून मी पाहिलं, तर कंदील जागचा हलत नव्हता. मी पाळणा धरला. तो थांबेना... पलीकडून कुणी दोरी धरून ओढावी तशी हाताला ओढ लागत होती. मी तो सोडला आणि म्हणालो,

"तिला घेऊन बाहेर चला. दोघी."

"आता ह्यो बी मानाया लागला व्हय," मावशी पुटपुटली, पण उठली.

अंगणात पोचतो न पोचतो तोच जमीन नावेसारखी डोलू लागली. डोलणं थांबतच नव्हतं. मागची भिंत आत कोसळली... सगळी पाळण्यावर.

पोरीला घेऊन माळावर गेलो, तर भाऊ हसला. "कसला भूकंप? आमचं चुलीवरचं दूध बी न्हाई सांडलं. भिंत कच्ची बांधायची आन् नाव भुईचं."

पुढे एका इंजिनियरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "ताटात दही घेऊन ताटाला टिचकी मारा. ताट हललेलं दिसणार नाही, दही थरथरत राहील. तुमचा गाळ म्हणजे ते दही. खडकातला हलका धक्का त्यात शिरला की वाढतो, आणि कातळाच्या वाटीत मागेपुढे फिरत राहतो." पटलं. मोठ्या धक्क्याआधी कधी कधी बारीक कंप येतात, लांब दोरीच्या पाळण्याला तेच लागले असतील, आखूड टांगलेल्या कंदिलाला नाही, हेही पटलं.

"आणि हाताला लागलेली ओढ?" मी विचारलं.

साहेब टोपी उचलून गाडीकडे निघाले.

आता आम्ही माळावरच राहतो. मुलगी शाळेत जाते. धाकटा झाला तेव्हा बायकोने पाळणा टांगू दिला नाही, मीही आग्रह धरला नाही. ती ओढ आम्हाला बाहेर काढायला आली होती, की पोरीला पाळण्यात घालून घ्यायला... एवढं अजून कळलेलं नाही.