चँडीची वर्ल्ड टूर आणि बापूंचा ढोल

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ माझं साउंड सर्व्हिसचं दुकान आहे. दुकानात वायरींचा एक खोका आहे. त्यातली एक वायर ओढली की चार बाहेर येतात, आणि हवी ती कधीच येत नाही! चँडीच्या वर्ल्ड टूरवरून आल्यापासून माझं डोकं तसंच झालंय. कोणी चहा पिता पिता विचारतं, "काय दिलीपशेठ, लंडन कसं आहे?" मला काय माहीत लंडन कसं आहे! मी लंडनच्या हॉलचा मागचा दरवाजा पाहिला. माल उतरवला, शो केला, माल चढवला. पण तेवढ्यात एकेक किस्से असे झालेत की सांगायला बसलो तर समोरच्याचा चहा गार होतो.

आधी चँडी कोण ते सांगतो. म्हणजे, ज्यांच्या घरात कॉलेजात जाणारं कोणी नाही त्यांच्यासाठी. ती आमच्या पंचवटीची चंद्रकला. शाळेच्या गॅदरिंगपासून तिला माईक मीच लावून देतोय. मोबाईलवर तिची गाणी तुफान चालली. मग मुंबईहून रॉनी नावाचा मॅनेजर आला आणि म्हणाला, "चंद्रकला नाही चालणार. शॉर्ट पाहिजे, इंटरनॅशनल पाहिजे." झाली चँडी! पोस्टरवर नाव इंग्रजीत छापलं. दुबईवाल्यांनी ते 'चांदी' वाचलं, लंडनवाल्यांनी 'शँडी' वाचलं, आणि आपल्या माणसांनी बरोबर 'चंडी' वाचलं.

न्यू जर्सीच्या शोला एक काकू थेट ग्रीनरूमच्या दारात हजर. हातात पिशवी. पिशवीत नारळ, खण, तांदूळ, हळदीकुंकू, सगळं व्यवस्थित.

"देवी कुठे बसवलीय हो?"

मी म्हटलं, "काकू, इथे गाण्यांचा शो आहे."

"हो ना, मग देवीचीच गाणी ना?"

तेवढ्यात चँडी बाहेर आली. गुडघ्यापर्यंत चकचकीत बूट, काळं जॅकेट, डोळ्यांवर निळी चमकी. मी मनात म्हटलं, मेलो! काकूंनी तिला वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. मग म्हणाल्या, "कुमारिका दिसतेस. कुमारिका म्हणजे देवीच. मी काही हे सगळं परत न्यायची नाही. बूट काढ बाई, ओटी भरते!"

ते बूट काढायला दोन माणसं आणि दहा मिनिटं लागायची. शो उशिरा सुरू झाला, आणि बूट पुन्हा चढवायला वेळच नव्हता म्हणून चँडी अनवाणीच नाचली. रॉनीला वाटलं ही नवीन स्टाइल आहे. त्याने तोच फोटो पुढच्या पोस्टरवर टाकला!

*

आता बापू. बापू म्हणजे चँडीचे ढोलवाले. नाशिकला लागूनच मखमलाबादला झेंडूचा मळा, वय साठीला टेकलेलं, डोक्यावर केस नाहीत आणि खांद्यावर नाशिक ढोल. अख्ख्या बँडमध्ये तिला 'चंद्रे' म्हणायची हिंमत फक्त त्यांची.

रॉनीला ते ढोलासकट नको होते. प्रत्येक विमानतळावर त्या ढोलापायी आम्ही लटकायचो. दुबईला तपासणीवाल्या साहेबाने ढोलावर टकटक केलं आणि विचारलं, "आत काय आहे?" रॉनीने हिंदीत बापूंना विचारलं.

बापू म्हणाले, "आत काय नाय म्हणून तर वाजतो ना साहेब!" आणि रॉनीकडे बघत मला हळूच म्हणाले, "काही मान्सांचं बी तसंच असतं."

मला हसू आवरेना. तर साहेबाने माझीच बॅग उघडायला लावली!

*

खरी ठिणगी पडली लंडनला. बापूंच्या ढोलाच्या दोन्ही तोंडांना चामड्याची पानं ताणलेली. आजकाल सगळे प्लॅस्टिकची लावतात, पण बापूंसमोर तो शब्द काढायचा नाही. तिथल्या गारठ्यात पानं पडली ढिली. ढोल वाजवला की ओल्या गादीवर बुक्की मारल्यासारखा आवाज. इथे असतो तर उन्हात ठेवला असता. लंडनला ऊन कुठून आणणार? बापूंनी हॉटेलच्या बाथरूममधला केस वाळवायचा ड्रायर काढला आणि दोन तास ढोल शेकला. मजल्यावरची लाइट गेली!

रिसेप्शनची पोरगी धावत वर आली. "या खोलीत दोन तास हेअर ड्रायर कोण वापरतंय?"

बापूंनी हात वर केला. तिने बापूंच्या टकलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ड्रायर उचलून निघून गेली.

रॉनी मात्र बोलला. "बस झालं. पुढच्या टूरला ढोल लॅपटॉपमधून वाजेल. नो बॅगेज, नो ड्रायर, नो बापू."

आम्ही सगळे चँडीकडे बघायला लागलो. ती म्हणाली, "शेवटचा शो नाशिकला आहे. तिथे ठरवते." ती 'नाही' का म्हणाली नाही याचा मला भयंकर राग आला. बापू शेजारीच उभे होते. सगळं ऐकलं, पण पान ताणायच्या दोऱ्या आवळत राहिले.

*

टोरांटोची गंमत वेगळीच. चँडीचा शो संपला की ती लोकांचा "येते हं!" म्हणून निरोप घेते. आता 'जाते' म्हणू नये ही आईने लावलेली सवय. टोरांटोला तिला काय वाटलं कोण जाणे, इंग्रजीत म्हणाली, "ओके, आय कम!"

तिथली स्टेज मॅनेजर मोठी शिस्तीची बाई. चँडी म्हणाली की येतेय, म्हणून बाईने लाइट चालू ठेवले, पडदा उघडा ठेवला, लोकांना बसवून ठेवलं. दहा मिनिटं झाली. माझ्या हेडफोनमध्ये तिचा आवाज, "ती कधी येतेय?"

मी म्हटलं, "ती गेली."

"पण ती येते म्हणाली!"

"बाई, येते म्हणाली म्हणजे गेली. आमच्याकडे जाताना येते म्हणतात."

मग बिचारीने अगदी रास्त प्रश्न विचारला, "मग खरंच यायचं असतं तेव्हा ती काय म्हणते?"

मी म्हटलं, "तेव्हा 'आलेच' म्हणते. आणि येत नाही!"

*

बापूंच्या बायकोचा, यशोदाकाकूंचा, रोज फोन यायचा. आम्ही कुठल्याही देशात असलो तरी प्रश्न दोनच. "जेवलात का?" आणि लंडननंतर दुसरा, "मशीन आलं का?"

सिडनीला फोन स्पीकरवर होता. काकू म्हणाल्या, "नका जीव जाळू. त्यांनी मशीन आणलं तर सरळ घरी या. झेंडू तोडायला अजून मशीन नाय आलेलं!"

आम्ही सगळे हसलो. बापूही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मला म्हणाले, "दिलीप, झेंडू काय, तोडीन रे. पण मला अजून वाजवायचंय. लय वाजवायचंय." मी उगाच त्यांचा माईक पुसत बसलो.

*

तर नाशिकचा शो. वर्ल्ड टूरचा शेवट कुठे? गावाबाहेरच्या एका लग्नाच्या लॉन्सवर! आदल्या दिवशीच्या लग्नाची कमान तशीच होती. चँडीच्या पोस्टरच्या वर 'आपले सहर्ष स्वागत, वधूपक्ष' असं लावलेलं. रॉनीने ते काढायला सांगितलं. बापू म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पोरगी आपलीच हाय, आपण वधूपक्षच."

रॉनीने चँडीला गाठलं. "शेवटचं गाणं लॅपटॉपच्या ढोलावर करू. फरक वाटला तर बोल." चँडी बापूंकडे बघायला लागली. बापूच म्हणाले, "व्हऊ दे चंद्रे. तुझ्या कानाला काय पटतं ते ठरव, माझ्या तोंडाकडं बघू नको." त्यांनी ढोल स्टेजवर उतरवून ठेवला, त्यावर टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची ती काठी, ठेवलं आणि खाली पहिल्या रांगेत यशोदाकाकूंशेजारी जाऊन बसले.

गाणं सुरू झालं. खोटं कशाला बोलू, लॅपटॉपचा आवाज स्वच्छ होता. एक ठोका इकडचा तिकडे नाही. गर्दीच्या मधोमध मिक्सरवर बसून मी ऐकत होतो. म्हटलं, संपलं. बापू गेले.

मग पब्लिकने टाळ्या धरल्या. आणि पब्लिक नाशिकचं! इथे दर दुसऱ्या माणसाने कधी ना कधी खांद्याला ढोल अडकवलेला. ते काय एका लयीत बसणार? वेग वाढवायला लागले. बापू असते तर गर्दीकडे बघून त्यांनीही हात पळवला असता. लॅपटॉप आपला होता तिथेच. टाळ्या पुढे पळतायत, ढोल मागे राहिलाय, आणि चँडी मधे सापडलेली. एक ओळ टाळ्यांबरोबर म्हणाली, एक ढोलाबरोबर, आणि तिसरी ओळ चुकलीच. शाळेपासून ऐकतोय तिला, स्टेजवर इतकी घाबरलेली कधी पाहिली नव्हती.

हेडफोनमध्ये रॉनी ओरडला, "दिलीप! हा फास्ट कसा करायचा?"

मी म्हटलं, "वादक तुझा आहे, तूच सांग त्याला!"

रॉनी स्टेजवरून उडी मारून बापूंकडे पळाला. डोक्यावर हेडफोनचा माईक तसाच, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. "बापू, प्लीज! जल्दी वर चला!"

बापू हलले नाहीत. "आमच्या ढोलपथकाची रीत हाय. एक जण वाजवत असला तर दुसऱ्यानं मधी घुसायचं नाय. त्यानं हातानं टिपरू दिलं तरच उतरायचं. नायतर अपमान व्हतो."

"कोणाचा अपमान?"

"जो वाजवतोय त्याचा."

"बरोबर हाय," यशोदाकाकू म्हणाल्या.

रॉनी तसाच वर पळाला. लॅपटॉपची वायर खस्सकन उपटली. ढोल बंद पडला, टाळ्या काही थांबल्या नाहीत, आणि चँडी नुसत्या टाळ्यांवर गात राहिली. रॉनीने लॅपटॉप दोन्ही हातांवर आडवा धरला, त्यावर टिपरू ठेवलं, जपून पायऱ्या उतरला आणि बापूंसमोर येऊन उभा राहिला. घामाने नुसता निथळत होता.

बापू उठले. लॅपटॉपला वाकून नमस्कार केला. टिपरू उचललं. मग त्या लॅपटॉपच्या पाठीवर हळूच थोपटून म्हणाले,

"दमलास ना बाळा? बस आता जरा."