पंधरवड्यातली फाईल

"देरी अपनीच हुई होगी. कागजां मैंच लेट दिया हूंगा," चाचा फोनवर घरी सांगत होते.

त्यांची खुर्ची माझ्या टेबलापासून चार हातांवर होती. मी स्क्रीनकडे बघत राहिले. स्क्रीनवर काहीच नव्हतं.

गारखेड्यातल्या ज्या ऑफिसात मी काम करते तिथे घरांच्या छतांवर सोलर बसवून देतात. सरकारी अनुदानाचे अर्ज ऑनलाइन भरायचं काम माझं. त्या आठवड्यात अनुदानाचा दर कमी झाला होता आणि रोज सकाळपासून मी फोनवर एकच वाक्य म्हणत होते: नव्या अर्जांना नवा दर लागू आहे. कोणी चिडायचं, कोणी पुन्हा पहिल्यापासून विचारायचं, एक काकू तर मलाच "एवढंसं वाढवून द्या ना" म्हणाल्या. दुपारपर्यंत त्या वाक्याचा अर्थ मला स्वतःलाच कळेनासा व्हायचा.

मी इंग्रजी शाळेत शिकले म्हणून ऑफिसात परिपत्रकं वाचायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. सर म्हणतात, "आमच्या मॅडमला द्या, त्या दोन मिनिटांत सांगतील." मी वाचते, जमेल तेवढ्या मराठीत सांगते आणि गप्प बसते. गप्प बसणं मला शाळेपासून जमतं. तिथे माझं इंग्रजी बरोबर नव्हतं, इथे मराठी पुस्तकी आहे म्हणून फिटिंग बघणारे दादा हसतात.

चाचा पहिल्यांदा आले ते पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशी. शहागंजात त्यांनी आयुष्यभर शिलाईचं दुकान चालवलं, आता घरीच दोन मशीन लावून लग्नाच्या शेरवान्या शिवतात. त्यांनी कागदांना पिन लावली नव्हती. लाइट बिल, घरपट्टीची पावती, पासबुकाची झेरॉक्स, सगळं कोपऱ्यात काळ्या दोऱ्याच्या दोन टाक्यांनी जोडलं होतं. मी एकेक कागद तपासला. काहीच कमी नव्हतं.

"लाइटचं बिल सुटलं ना बेटी, तर हे लग्नाच्या शेरवान्यांचं काम बंद करणार," ते म्हणाले होते. "सुईत दोरा आता बेगम ओवते. तिलाही चष्मा लागला. दोघांत मिळून दीड डोळा उरला बघा."

मी हसले. अर्ज त्याच संध्याकाळी टाकायचा होता, पण साइट चालत नव्हती. दुसऱ्या दिवशी पंधरवडा लागला.

पंधरवड्यात आमच्या ऑफिसातून नवा अर्ज जात नाही. असा नियम कुठे लिहिलेला नाही. सरांच्या वडिलांपासून चालत आलं आहे. तेव्हा ते पाण्याच्या मोटारी विकायचे, म्हणे. आता आम्ही कागद घ्यायचे, निळ्या ट्रेमध्ये ठेवायचे आणि घटस्थापनेला सगळे अर्ज एकदम टाकायचे. गिऱ्हाइकंही तक्रार करत नाहीत. बरेच जण आधीच सांगतात, पक्षात नको हं. त्या वेळी ट्रेमध्ये चार फायली होत्या. तिघांनी थांबायला सांगितलं होतं. चाचांना कोणी विचारलंच नव्हतं.

परिपत्रक आलं तेव्हा पंधरवड्याचे शेवटचे दिवस चालू होते. मी ते दोनदा वाचलं. ठरलेल्या तारखेपर्यंत ज्यांची नोंद होईल त्यांनाच जुना दर, आणि ती तारीख घटस्थापनेच्या दोन दिवस आधीची. मी केबिनच्या दारात जाऊन सरांना सांगितलं.

"मुदत वाढवतात हे लोक," सर म्हणाले. "मागं दोनदा वाढवली. दोन दिवसांसाठी कशाला पक्षात सुरुवात करायची?"

मी मान हलवली आणि परत येऊन बसले.

चाचांच्या मोबाइलवर ओटीपीचा नंबर येणार, तो त्यांनी मला सांगायचा, की अर्ज गेला. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. मी फोन हातात घेतलाही होता. मला सरांना एवढंच म्हणायचं होतं की सर, त्यांना कुठला आलाय पंधरवडा. पण ते वाक्य म्हटलं की दादा माझ्याकडे वळून विचारणार, तुमच्यात असतो का हो? आमच्या घरी नसतो. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच ते सुटलं. ऑफिसात मी हे कधी सांगितलेलं नाही. लपवण्यासारखं त्यात काही नाही, पण एका उत्तरामागे दुसरा प्रश्न येतो, आणि मग डबा खाताना लोक थोडं वेगळं बघतात, किंवा बघत नाहीत आणि मलाच तसं वाटतं. मी फोन खाली ठेवला. पुढचे चार दिवस ट्रेमधल्या त्या काळ्या टाक्यांवरून नजर फिरवत राहिले.

मुदत वाढली नाही.

आणि आता चाचा फोन खिशात ठेवून बसले होते. दादांनी त्यांच्यासाठी चहा मागवला.

"चाचा, सरकारचं काय खरं नाय बघा. आज एक सांगतेत, उद्या एक."

"माप एक घेतात, कापड दुसरंच कापतात," चाचा म्हणाले. "आम्ही असं केलं असतं ना दादा, तर लोकांनी शहागंजात दुकान चालू दिलं नसतं."

दादा हसले. चाचाही थोडे हसले. मग कप तसाच हातात धरून त्यांनी विचारलं, "आता बसवलं तर वरचे पैसे मला भरावे लागतील ना? म्हणजे अजून एक सीझन शेरवान्या. जास्तच, एक कसला." हे त्यांनी कोणा एकाकडे बघून विचारलं नव्हतं. बोलता बोलता ते अंगठ्याने तर्जनीचं टोक चोळत होते. सुई टोचून टोचून तिथली कातडी घट्ट झालेली होती.

सर केबिनमधून बाहेर आले. ते वाईट माणूस नाहीत. दिवाळीला सगळ्यांना सारखी मिठाई देतात, माझा पगार कधी अडकला नाही. त्यांनी चाचांच्या खांद्यावर हात ठेवला.

"चाचा, तारीख वरून येते, आमच्या हातात काय असतं? तुमचे कागद जरा आधी आले असते तर जमलं असतं."

"हां साब, तेच म्हणालो घरी," चाचा म्हणाले. "सुस्ती माझीच. बेगम म्हणत होती, लवकर जा."

ते उठायला लागले. कप कुठे ठेवावा ते त्यांना कळेना, म्हणून मी माझ्या टेबलावरची जागा मोकळी केली. सर केबिनकडे वळले होते. माझा आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, पण तो सगळ्यांना ऐकू गेला.

"चाचा, उशीर तुम्ही नाही केला. तुमचे कागद पहिल्याच दिवशी पूर्ण होते. अर्ज आम्ही टाकला नाही. तारीख मला माहीत होती आणि मी तुम्हाला फोन केला नाही. घरी हे सांगा."