गळी जाव

मला ओळखणारे माझ्या बोलण्यातले निम्मे वजा करूनच ऐकतात. आजही करा, उरेल ते दत्तगुरूंचे.

बडोद्यातल्या प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात उभा जन्म गेला. इंजिनाच्या पोटात हात घालताना कधी भ्यालो नाही, पण माझ्याच पोटात दुर्बीण घालायची म्हटल्यावर भ्यालो. घशातून उतरवायची नळी करंगळीएवढी, असे डॉक्टर म्हणतात. मला विचाराल तर पावागडचा अजगर! पहिल्या खेपेस मी असा झुंजलो की दोन माणसे टेबलाखाली शोधावी लागली. त्या धांदलीत जठराचा वरवरचा तुकडा मिळाला. रिपोर्ट आला, नुसती सूज. मी जिलब्या वाटल्या. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "काका, जठरातल्या व्रणाचं रूप मला आवडलेलं नाही. लिम्फोमा, म्हणजे एक कॅन्सरच, असू शकतो. खोलवरचे पुष्कळ तुकडे हवेत. या वेळी स्वस्थ पडा."

"झोपेतही ज्यांचं तोंड मिटत नाही, ते काय स्वस्थ पडणार!" बायको म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. रोज आरती करणारा मी, त्या दिवशी दत्ताच्या तसबिरीसमोर प्रथमच मनात आले, इथे कोणी ऐकतेय का?

दुसऱ्या खेपेसही टेबलावर मुठी आवळल्या. तेवढ्यात डोक्याशी उभ्या नर्सबाई कानाशी म्हणाल्या, "काका, गळी जाव." गुजरातीत म्हणजे, गिळा. बडोद्यात हाडे झिजवलेल्या मला हे ठाऊक नसेल? पण भीतीने माणूस आईच्या भाषेत शिरतो. मला ऐकू आले, "गळून जा." पिकले पान गळते, तसा. मुठी सुटल्या. दत्ता, आता तूच बघ, म्हटले. अजगर कधी उतरला, कळलेच नाही.

या वेळचे तुकडे खरे बोलले: लिम्फोमाच, पण संथ जातीचा, जठरातल्या जंतूंच्या जिवावर वाढलेला. दोन आठवडे जंतू मारायच्या गोळ्या घेतल्या. काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण. व्रण भरलेला, तुकडे स्वच्छ. "तरी अधूनमधून बघत राहू," डॉक्टर म्हणाले. गोळ्यांचे श्रेय गोळ्यांना, डॉक्टरांचे डॉक्टरांना.

पेढे घेऊन नर्सबाईंकडे गेलो, त्यांच्या शब्दाची सारी कथा सांगितली. त्या खळखळून हसल्या. "काका, हुं तो बधांने एज कहुं छुं!" सगळ्यांनाच तेच सांगते म्हणे.

तो दत्तही सगळ्यांना तेच सांगत असणार. माझ्या बडबडीत मला इतकी वर्षे ऐकू आले नाही, एवढेच. पुढच्या महिन्यात पुन्हा दुर्बीण आहे. मुठी उघड्या ठेवून जाईन. यातले मात्र काही वजा करू नका.