लुगड्याच्या गोधडीवर मशीनची टीप

११ डिसेंबर १९९३. त्या दिवशीचं काम एवढंच होतं: सासूबाईंच्या दोन जुन्या लुगड्यांची बाळासाठी गोधडी, दिवे लागायच्या आत, मशीनवर.

मुलगी बाळंत झाली होती आणि दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यातून आमच्याकडं बजाजनगरला आणायचं होतं. आमच्याकडं घरात आलेलं बाळ पहिल्यांदा टेकवतात ते घरातल्या थोरल्या बाईच्या लुगड्याच्या गोधडीवर, आणि ती गोधडी तिनंच शिवायची असते. सासूबाईंनी शिवायला घेतलीही होती. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. टाके वाटेल तिकडं चालले होते. एकदा सुई बोटात खोल गेली, तेव्हा मी कापड त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि मशीनवर शिवते म्हटलं.

त्या म्हणाल्या, "मग ती तुझी गोधडी झाली. माझं काय राहिलं तिच्यात?"

"लुगडी तुमचीच आहेत की, आत्याबाई."

"लुगडं काय, बोहारणीलाबी देतेत."

मी मशीनमध्ये दोरा ओवला.

पायमशीन जुनं घेतलेलं, तेही नुकतंच. त्यावर मी तोवर फक्त उशांचे अभ्रे शिवले होते. दोन्ही लुगडी धुऊन धुऊन मऊसूत झालेली, मध्ये धोतराच्या घड्या. दोऱ्याचं रीळ एकच होतं. ते आणायला आदल्या दिवशी गुलमंडीत गेले होते. विद्यापीठाच्या नामांतराचं आता होणार, मग होणार, असं गावभर चाललं होतं. कुठं मोर्चा निघायचा, कुठं बंदची नुसती आवई उठायची, आणि बाजार शटर ओढून घ्यायचा. दुकानदार अर्ध्या शटरखालून वाकून म्हणाला, "जल्दी बोलो बाजी, कौनसा रंग?" घाईत मी एक रीळ उचललं आणि बस पकडली. उसवलेला दोरा पुन्हा कामाचा नसतो, आणि जुनं लुगडं वारंवार उसवणं सोसत नाही. म्हणजे चुकायला फारशी जागा नव्हती.

तरी मी चुकले. हातानं गोधडी शिवताना आमच्या बायका कडेनं सुरुवात करतात. एका कोपऱ्यातून धावदोरा निघतो, चारी बाजूंनी फिरतो आणि फिरत फिरत मधोमध येऊन संपतो. मीही तसंच केलं. कडेनं टीप मारली, मग तिच्या आत दुसरी, मग तिसरी. हातानं शिवताना गोधडी जमिनीवर पसरलेली असते, तळहात कापड सारखं करत राहतो. मशीनला तळहात नसतो. ते वरचं कापड थोडं थोडं पुढं ढकलत राहिलं, आणि ते सगळं जास्तीचं कापड मध्ये गोळा झालं. गोधडी पुरीसारखी फुगली.

कंपनीला साप्ताहिक सुट्टी असल्यानं नवरा घरीच होता. तो म्हणाला, "आमच्याकडं असा पीस सरळ रिजेक्टच्या पेटीत जातो."

"तुमच्याकडं तो करणाऱ्याला दोनदा चहा तरी मिळतो," मी म्हटलं.

सासूबाईंनी हात लावून पाहिला. त्यांचं अर्धं आयुष्य पडेगावकडच्या माळावर मेंढरांमागं गेलेलं. "हाताला तर गाभण मेंढी लागतीया," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या. हसण्यासारखं बोलल्या, पण हसल्या नाहीत.

मी सगळं उसवलं. एके ठिकाणी लुगडं फाटलं, तिथं आतून ठिगळ लावलं. मग स्वयंपाकाला उठले, कारण गोधडी फुगली म्हणून जेवण चुकत नाही. भाकरी थापायला घेतली आणि हात मध्येच थांबला. भाकरी आपण कडेनं आत कुठं थापतो? मधून कडेकडं नेतो, म्हणून ती सपाट येते.

जेवणं झाल्यावर गोधडीच्या मधोमध खडूनं रेघ ओढली आणि पहिली टीप तिथंच मारली. फुगा आला नाही, पण ओळ वाकडी गेली. कारण शोधायला वेळ लागला नाही. शिवलेला भाग टेबलावरून खाली लोंबत होता आणि त्याच्या वजनानं कापड एका अंगाला ओढलं जात होतं.

"अहो, उठा आणि हे धरा."

"कसं धरू?"

"ओढू नका, ढकलू नका. नुसतं वजन उचला."

त्यानं दोन्ही हातांवर गोधडी तोलून धरली. मी सुईकडं बघणं सोडलं. वरखाली नाचणाऱ्या सुईकडं बघत राहिलं की हात घाबरतात. सुईजवळ कापड दाबून धरणारा मशीनचा पाय आधीच्या टिपेला धरून चालतोय की नाही तेवढंच पाहायचं ठरवलं, आणि ओळ सुधारली. पण तीनचार ओळी झाल्यावर गोधडी उलटून पाहिली, तर खालच्या लुगड्याला चुणी पडून ती टिपेत अडकलेली. वरून काहीच दिसलं नव्हतं. मधली ओळ सोडून बाकीच्या जपून उसवल्या.

तेव्हा मी सासूबाईंना बोलावलं. दया म्हणून नाही. खालचं कापड मला दिसत नव्हतं आणि त्यांना वरचंही दिसत नव्हतं, पण त्यांच्या बोटांना कळत होतं. मशीनच्या पलीकडं स्टुलावर त्यांना बसवलं आणि एक हात गोधडीखाली घालायला सांगितला, सुईपासून लांब.

मी मशीन सुरू केलं. मग त्या म्हणाल्या, "थांब. चुणी हाय."

मी थांबले. त्यांनी खालून तळहात मधून कडेकडं फिरवला. "हं, घे आता."

पुढची ओळ तशीच. त्याच्या पुढची तशीच. थोड्या वेळानं त्यांचा आवाज चढला. "लई पळतीस. हळू." "अरं ए, वर उचल जरा, झोपलास का?" हे लेकाला.

"माय, हात दुखाय लागले."

"तुला पाठुंगळी घेऊन मी माळ तुडवला, तवा माझी पाठ नाय दुखली व्हय?"

त्यानं गोधडी वर उचलली.

एका अंगाच्या ओळी संपल्यावर गोधडी फिरवली आणि पुन्हा मधूनच सुरुवात करून दुसरं अंग पुरं केलं. रिळावर थोडा दोरा उरला. सगळ्या ओळी सरळ होत्या असं म्हणणार नाही. मधली वाकडी मी तशीच ठेवली, कारण ती उसवली असती तर लुगडं गेलं असतं. पण गोधडी जमिनीला सपाट टेकत होती. सासूबाईंनी ती पसरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला, उलटी केली आणि परत फिरवला.

"एकूण एक टीप माझ्या हाताखालून गेली," त्यांनी लेकाला सांगितलं, जणू तो तिथं नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर मी गोधडी उजेडात धरली, टिपांच्या टोकांचे सुटे दोरे गाठी मारून कापले, म्हणजे बाळाच्या बोटात अडकायला नकोत. दवाखान्यात मी एकटीच जायचं असं आधी ठरलं होतं. सासूबाईंना म्हटलं, पदर नीट घ्या, रिक्षा बोलावलीय. मग त्यांना रिक्षात बसवलं आणि गोधडी त्यांच्या मांडीवर दिली.