शकूमावशीचा तांब्या

"माह्यावर लांब हार नोको टाकू वं, लोकाईच्या पायात येते," सेवाग्रामच्या दवाखान्यात, हाताला सलाईन लागलेलं असताना, शकूमावशी मला म्हणाली आणि स्वतःच हसली. "काहीबाही नोको बोलू मावशी," म्हणून मी तिला दटावलं. चौथ्या दिवशी सकाळी तिच्या सुनेचा, रेखाचा फोन आला. "ताई, आई गेल्या…" गॅसवर दूध चढलेलं होतं. ते बंद केलं आणि पायात चपला सरकवल्या. त्याला आता महिना होत आला.

शकूमावशी माझ्या आईची मैत्रीण. वर्ध्याच्या बाजारात तिचं फुलांचं दुकान होतं. सारा जन्म हार-गजरे करण्यात गेला. पण रिसेप्शनला नवऱ्या मुली हातात बुके धरायला लागल्या, तशी पन्नाशी उलटल्यावर ती तेही शिकली. मोबाइलमध्ये फोटो घेऊन आलेल्या आयांना ती आधी मोबाइल पर्समध्ये ठेवायला लावायची. "बुके त्या फोटोतल्या बाईले नाई धराचा, हिले धराचा हाय," म्हणायची. मग पितळेचा तांब्या पाण्यानं काठोकाठ भरून नवरीच्या हातात द्यायची आणि दुकानासमोर चार पावलं चालायला सांगायची. मुलगी तांब्या छातीशी धरते की कमरेशी, एका हातानं की दोन्ही हातांनी, खांदे आखडते का… एवढं बघून सांगायची, हिला गोल, हिला खाली झुलणारा, हिला हातावर आडवा घ्यायचा. आम्ही तिची खूप टिंगल केली. पण तिचा अंदाज चुकलेला मला तरी आठवत नाही.

माझ्या पूर्वाचं लग्न ठरलं तेव्हा मी मात्र आधीच ठरवून गेले होते. पूर्वा अडीच वर्षांची असताना तिनं ओट्यावरचं दुधाचं पातेलं ओढलं. मी दारात भाजीवालीशी घासाघीस करत होते… मनगटापासून कोपरापर्यंत डावा हात भाजला. तेव्हापासून पोरीला कायम लांब बाह्या. उन्हाळ्यातसुद्धा! लग्नात बाही वर सरकली तरी तो डाग कुणाला दिसू नये म्हणून मला हातभर लांब, पानांनी गच्च भरलेला, खाली झुलणारा बुके हवा होता. मावशीनं पूर्वाला तांब्या दिला. ती डाव्या हातात धरून आरामात चालली, थेंब सांडला नाही. "गोल," मावशी म्हणाली, "मुठीत मावन एवढा." मी म्हटलं, नाही, लांबच पाहिजे. तिनं पूर्वाला समोरच्या टपरीवर चहा सांगायला पाठवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काऊन वं, तिले लपवाचं हाय का तुले?"

झालं! माझं डोकं असं फिरलं म्हणता! "तुले काय कराचं हाय? बांधाचा असन तर बांध, नाई तर मी दुसरीकडे पाह्यतो!" असं भर दुकानात बोलून मी टपरीवरून पोरीला घेऊन तरातरा निघून आले, आणि खरंच दुसरीकडे सांगून आले.

आमच्याकडचं रिसेप्शन म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. स्टेजवर येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला नवरीनं वाकून नमस्कार करायचा. तो हातभर बुके घेऊन वाकायचं कसं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पूर्वा तो कधी खुर्चीवर ठेवी, कधी नवऱ्याकडे देई. त्यातलं पाणी शालूवर ठिबकत होतं. शेवटी व्याह्यांचे काका आशीर्वाद द्यायला पुढे झाले आणि त्यांचा पाय पडला झुलत्या टोकावर. पूर्वा उठली ती अर्धा बुके हातात घेऊन! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

शकूमावशी पहिल्या रांगेत बसली होती. आमंत्रण मी दिलं होतं, पण मला वाटलं होतं येणार नाही. ती गुडघ्यावर हात ठेवत स्टेजवर चढली, बुके मागून घेतला, मागच्या कोपऱ्यात खुर्ची ओढून बसली. पिशवीतून केळीचा ओला दोर काढला. तो तिच्याजवळ नेहमीच असायचा. चिरडलेलं सगळं खुडून टाकलं, उरलेले गुलाब आणि निशिगंध दातात दोर धरून आवळले, आणि मुठीएवढा गोल गुच्छ पूर्वाच्या डाव्या हातात दिला. पूर्वानं बाही मागे सारली, गुच्छ छातीशी धरला आणि उजव्या हातानं पहिला नमस्कार मावशीलाच केला. मी बाही खाली ओढायला धावले, तर पोरगी हळूच म्हणाली, "आई, राहू दे. मले तो दिवस आठवतबी नाई… तूच आठवत बसतेस."

मावशीनं ऐकलं होतं. पण ती त्या दिवशी काही बोलली नाही आणि पुढेही कधी बोलली नाही. "पाह्य, मी सांगतलं होतं," एवढं म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. मीही तिची माफी मागितली नाही. दवाखान्यात मागणार होते… ती हाराची गोष्ट काढून हसत बसली, आणि राहून गेलं. ते आता जन्मभर सलणार.

परवा पूर्वा माहेरी आली, तेव्हा आम्ही दोघी दुकानात गेलो. रेखा गजरे करत होती. तांब्या फळीवर तसाच, चिंचेनं घासलेला. पूर्वानं तो उतरवला, माठातून काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला. "चाल आई."

"चल, काहीतरीच!" मी म्हटलं. पण चालले. चार पावलं. तांब्या असा हिंदकळायला लागला की निम्मं पाणी साडीवर. पूर्वा पुढे आली, माझ्या हातांखाली तिनं डावा हात धरला. बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती. बावीस-तेवीस वर्षांत मी तो डाग असा, उजेडात, नीट पाहिलाच नव्हता. त्या दिवशी पाहिला. पाणी सांडायचं थांबेपर्यंत पाहिला.