नलूताईंचा गाल

नलूताई अंथरुणाला गाल लावून बघत. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा चहा कपातून बशीत आला. बॉटनी डाउन्स या आमच्या उपनगरातलं त्यांचं गॅरेज, मधोमध टेबल, टेबलावर भलामोठा पिंजरा आणि साठीची एक पुणेरी बाई त्या पिंजऱ्यात अर्धी शिरून, डोळे मिटून, गिनिपिगांच्या अंथरुणावर गाल टेकून पडलेली! दोन गिनिपिग कोपऱ्यात अंग चोरून माझ्याकडे बघत होते. ‘आता तुम्हीच काय ते विचारा’ असा त्यांचा चेहरा.

“नलूताई, बरं वाटत नाहीये का?”

“शू! बघतेय.” मग त्या उठल्या, गालावरची गवताची काडी झटकली आणि कापड सर्रकन ओढून काढलं. “ओलं आहे. डोळ्यांना कोरडं दिसतं, हाताला कोरडं लागतं. गालाला कळतं. तू निजशील का रे यावर?”

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारत. मला, त्यांच्या जावयाला, एकदा तर गाद्यांच्या दुकानातल्या सहा फुटी किवी सेल्समनलाही. तो “शुअर” म्हणाला, तर त्याला खरंच आडवं व्हायला लावलं.

डिसेंबरात आमची निम्मी मराठी मंडळी भारतात जायची आणि घरोघरचे गिनिपिग नलूताईंकडे मुक्कामाला यायचे. त्या वर्षी माझी बायको अनघा आणि नऊ वर्षांची इरा पुण्याला गेल्या. मला ऑफिसमुळे मागे राहावं लागलं. तरीही इराच्या दोन गिनिपिग, लाडू आणि चिवडी, नलूताईंकडेच गेल्या. “बाबांकडे ठेवलं तर त्या बिचाऱ्या पिझ्झा खातील,” असं अनघाने जाहीर केलं होतं. मला शनिवारी भेटायची मुभा होती.

नलूताईंचा सगळा कारभार फ्लीसवर चाले. फ्लीस म्हणजे थंडीच्या जॅकेटांना असतं ते मऊ, लवदार कापड. ते पाणी स्वतःजवळ ठेवत नाही, खालच्या जुन्या टॉवेलांना देऊन टाकतं. वरचा प्राणी कोरडा. पण नवं कापड आढ्यतेखोर असतं, ते गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुतल्याशिवाय पाणी खाली सोडत नाही. वापरलेलं फ्लीस नलूताई आधी परसात झटकत, ब्रशने झाडत आणि लेंड्या कढीपत्त्याच्या कुंडीत घालत. मग ते जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून त्याचं तोंड परकराच्या नाडीने बांधत, म्हणजे मशीनमध्ये गवत अडकायला नको. आप्पांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, फक्त बटण दाबायचा अधिकार होता. वीज मंडळातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेला माणूस. ते बटणही ते अगदी धरणाचे दरवाजे उघडावेत अशा थाटात दाबत.

हे गाल लावणं त्या कुठे शिकल्या? सासूपाशी. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, बोलताही येत नव्हतं, आणि एके दिवशी पाठीला जखम दिसली. “चादर मी हाताने चाचपली होती रे,” एवढंच एकदा त्या म्हणाल्या होत्या. त्या दिवसापासून गाल.

तर नाताळ झाला आणि नलूताईंना गिनिपिग आप्पांवर सोपवून हॅमिल्टनला लेकीच्या बाळंतपणासाठी जावं लागलं. त्या परतल्या तो शनिवार होता, म्हणून मी तिथे होतो. पर्स खांद्यावरून न काढता त्या सरळ गॅरेजमध्ये गेल्या आणि गाल टेकला. लगेच उठल्या. गाल चमकत होता.

चिवडी कोपऱ्यात फुगून बसली होती. समोर कोथिंबीर तशीच. लाडू खात होती, पण पाय आळीपाळीने उचलत. नलूताईंनी चिवडीला उलटं धरलं. तळपाय लालभडक, पोटाखालचे केस ओले.

“कधीपासून खात नाही?”

“सकाळी... म्हणजे काल संध्याकाळी जरा...” आप्पा दिव्याकडे बघून म्हणाले.

सुट्टीच्या दिवसांत उघडा दवाखाना शोधून आम्ही पोचलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं: या प्राण्याचं पोट थांबलं की प्राणी थांबतो. कोरडं ठेवा, सिरिंजने भरवत राहा. उद्यापर्यंत लेंडी पडली तर ठीक. नाहीतर... त्यांनी खांदे उडवले नाहीत, पण मला ते उडाल्यासारखे दिसले.

घरी येताच नलूताईंनी चिवडीला साध्या टॉवेलवर ठेवलं आणि पिंजऱ्यातल्या फ्लीसवर चमचाभर पाणी टाकलं. अळूच्या पानावर थांबावा तसा थेंब गोल उभा राहिला. हालेना, मुरेना.

“कापडाला काहीतरी चोपडलं गेलंय,” त्या सावकाश म्हणाल्या.

“ती... ती नवी पावडर असेल,” आप्पा म्हणाले.

“असेल.” त्यांनी आप्पांकडे क्षणभर पाहिलं आणि सिरिंज त्यांच्या हातात दिली. “तुम्ही भरवा.”

मी चकित झालो. आप्पांना सुईत दोरा ओवता येत नसे. चहात साखर ढवळली तरी टेबलक्लॉथ धुवायला जाई.

परसात दोरीखाली आप्पांनी माझी बाही पकडली. “प्रसाद, धुताना मी सॉफ्टनर घातला रे, कपडे मऊ करायचा! जांभळी बाटली. लव्हेंडर. स्पेशलवर, स्वस्तात होती. म्हटलं गॅरेजला गवताचा वास मारतो, ती आली की खूश होईल.” सॉफ्टनरचा लेप धाग्यांवर बसला होता, पाणी वरच राहिलं होतं आणि दोन्ही पोरी त्यात बसून होत्या. “नलूला सांगू नकोस.”

संध्याकाळी पुण्याहून इराचा फोन यायचा होता. “खोटं सांगायचं नाही,” नलूताईंनी मला आधीच बजावलं.

“बाबा, हाऊज चिवडी?”

“बाळा, ती आजारी आहे. आम्ही भरवतोय.”

इंग्रजीशिवाय उत्तर न देणारी माझी लेक म्हणाली, “नलूआजीला दे.” स्पीकर चालू होता. “आजी, ती मरेल?”

“माहीत नाही गं, राणी. पण ती ओल्यात निजणार नाही. ते माझ्याकडे लागलं.”

फोन ठेवून नलूताई मशीनकडे गेल्या. गरम पाणी, व्हिनेगर, पुन्हा गरम पाणी. दर वेळी चमचाभर पाण्याची परीक्षा आणि दर वेळी तो मेला थेंब ऐटीत उभा! इकडे आप्पा मांडीवर चिवडीला घेऊन थेंबथेंब भरवत होते. अर्धं त्यांच्याच पँटवर जात होतं. “घे गं माझे आई. एवढा घे.” तिने तोंड फिरवलं की त्यांचाच जबडा घट्ट मिटे. रविवारी सकाळी मी आलो तर दोघंही तशीच बसलेली. फ्लीसने मात्र हार मानली होती; थेंब पडला, क्षणभर विचारात पडला आणि खाली गेला. नलूताईंनी गाल लावून पाहिलं आणि चिवडीला त्यावर ठेवलं.

आता तीन सुशिक्षित माणसं एका लेंडीची वाट बघत बसली. दुपार होत आली. चिवडी एक पाऊल पुढे सरकली, तर आम्ही तिघंही वाकलो. काही नाही. पुन्हा बसलो. लाडूने मात्र मिनिटामिनिटाला मुबलक दाखला देऊन आमची चेष्टा चालवली होती, म्हणून तिला बाजूला ठेवावं लागलं.

आणि मग चिवडी जागच्या जागी जराशी हलली. तिच्यामागे तांदळापेक्षा थोडंसं मोठं, काळं काहीतरी.

“झाली!” आप्पा असे ओरडले की कुंपणापलीकडून शेजारच्या मराठी बाईंनी विचारलं, “मुलगा की मुलगी?” हॅमिल्टनच्या बाळाची बातमी त्यांना अजून कळली नव्हती. आप्पा रडत होते. नलूताईंनी पदराने त्यांची पँट पुसली आणि म्हणाल्या, “चला, आता तुम्ही जेवा.”

इरा परतली तेव्हा चिवडी गवत मागत शिट्ट्या मारत होती. पावडर बदलली गेली. विषय संपला.

पुढे काही वर्षांनी नलूताईंचं मोठं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो. त्या डोळे मिटून पडल्या होत्या, ओठ सुकलेले. आप्पा नर्सला चादर बदला म्हणत होते. तिने हातमोज्याने चादर चाचपली. “कोरडी आहे, लव्ह. ऑल गुड.”

आप्पांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. कण्हत वाकले आणि भर वॉर्डात बायकोच्या कमरेशी चादरीवर गाल टेकला. नर्स माझ्याकडे बघू लागली. माझाही चेहरा ‘तुम्हीच काय ते विचारा’ असाच झाला असणार.

“वेट,” आप्पा म्हणाले. तिने मोजा काढून पुन्हा हात लावला आणि मुकाट्याने नवी चादर आणायला गेली.

तेवढ्यात डोळे न उघडता नलूताईंचा बारीक आवाज आला. “अहो. वासही घेऊन बघा. लव्हेंडर नाही ना?”

आप्पा वाकलेले तसेच राहिले. मी चष्म्याकडे बघू लागलो.

“नाही गं,” ते म्हणाले.

चादर बदलली. त्यांनी पुन्हा वाकून गाल लावला, या खेपेला जरा जास्तच वेळ.

“नीज आता,” ते म्हणाले. “मी बघितलंय.”